हीटरच्या आधी उदबत्ती

गेल्या हिवाळ्यात विजेचं बिल हातात आलं तेव्हा मीटर बिघडलाय असं मी ठरवूनच टाकलं होतं. मीटर ठणठणीत होता. बिघाड घरात होता आणि थोडाफार माझ्या डोक्यात. २००० वॉटचा हीटर रोज पाच तास, म्हणजे दिवसाला १० युनिट, महिन्याला ३००. शाळेतलं पोरगंही तोंडी करेल असं गणित. मी ते बिल आल्यावर केलं. आणि एवढं करूनही बाबांचं पालुपद सुरूच होतं, "अरे, कुठनं तरी गार वारं येतंय."

"बाबा, सगळं बंद आहे. वारं येणार कुठनं?"

"ते मला काय विचारतोस? मला लागतंय एवढं खरं."

शेवटी एका रात्री हीटर आणि पंखा बंद केला आणि उदबत्ती पेटवून फरशीवर पालथा पडलो. मुख्य दाराच्या उंबऱ्यापाशी नेल्यावर सरळ वर जाणारा धूर काटकोनात वळला आणि आत पळाला. दाराखाली बोटभर फट. मग मला चेवच चढला. स्लायडिंग खिडकीच्या दोन पल्ल्यांमध्ये जी ब्रशची पट्टी असते ती झिजून टक्कल पडलेली. एसीचा पाइप भिंतीतून बाहेर जातो तिथलं भोक बुजवायचं राहून गेलेलं. बाथरूमच्या एक्झॉस्टला मागे झडप नाही, म्हणजे भिंतीला वीतभर भोक पाडून ठेवल्यासारखंच. बाबांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. (हे त्यांना सांगायला मला दोन दिवस लागले.)

त्यानंतर मी जरा हिशोब मांडला, आणि त्यातला एक आकडा अजून डोक्यातून जात नाही. चार मीटर लांब, तीन रुंद, तीन उंच अशी खोली घ्या. त्यातल्या हवेचं वजन साधारण ४३ किलो. ही सगळी हवा १० अंशांनी तापवायला किती वीज लागते? फक्त ०.१२ युनिट. २००० वॉटच्या हीटरला हे चार मिनिटांचंसुद्धा काम नाही! मग तो पाच तास कशाला जळत होता? तर भिंती, काचा, छत आणि फटी यांच्यातून जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढी परत भरायला. फुटक्या रांजणात पाणी ओतायचं आणि रांजण का भरत नाही म्हणून मोठी बादली विकत आणायची, असा प्रकार.

गळती कुठून किती, याचाही अंदाज बांधता येतो. आत-बाहेर १० अंशांचा फरक धरू. दोन चौरस मीटरच्या साध्या एकेरी काचेतून शंभर-सव्वाशे वॉट जातात. बाहेरच्या बाजूच्या नऊ इंची विटांच्या भिंतीतून, दहा चौरस मीटर असेल तर, दोनशेच्या आसपास. वर उघडा काँक्रीटचा स्लॅब असेल तर तोच बाराएक चौरस मीटरमधून साडेतीनशे-चारशे वॉट खातो. आणि फटी? खोलीतली हवा तासाला एकदा बदलत असेल तर १२० वॉट, तीनदा बदलत असेल तर ३६०. भिंत आणि स्लॅब मी एका रविवारात बदलू शकत नाही. फटी मात्र बदलू शकतो.

आणि बदलल्या. दाराखाली रबरी पट्टी, पल्ल्यांमध्ये नवीन ब्रश, पाइपच्या भोकात फोम, एक्झॉस्टला झडप. अर्धा दिवस गेला. खिडकीच्या ट्रॅकमध्ये खाली जी बारीक भोकं असतात ती पावसाचं पाणी जाण्यासाठी असतात, ती बुजवू नका. मी उत्साहात बुजवली होती आणि परत खरवडत बसलो.

तरीही बाबांना खुर्चीत थंडी वाजत होती. थर्मामीटर आणला, खोलीत २० अंश. आता मात्र वाटलं की हा वयाचा भाग. मग एका संध्याकाळी मी स्वतः त्यांच्या खुर्चीत बसलो आणि पाच मिनिटांत डावा खांदा गार पडला. खुर्ची खिडकीला लागून होती. अंगाला थंडी वाजते ती नुसती हवेमुळे नाही. समोर गार काच असेल तर आपलं अंग आपली उष्णता थेट तिच्याकडे फेकत राहतं, मधली हवा कितीही ऊबदार असली तरी. शिवाय काचेला टेकलेली हवा गार होऊन जड होते आणि खाली पायांवर ओघळते. खुर्ची उचलून आतल्या भिंतीला लावली. खर्च शून्य, युनिट शून्य. त्या दिवसापासून हीटर लावा असं बाबा निम्म्याने कमी म्हणतात.

हीटरचंही गंमतशीर आहे. तापलेली हवा वर जाते, हे आपल्याला माहीत असतं पण त्याचा अर्थ आपण लावत नाही. छताजवळ आणि फरशीजवळ असं दोन्हीकडे थर्मामीटर धरून बघितलं, तर वर २४ आणि पायाशी १७. पाल मजेत, आम्ही पाय पोटाशी घेऊन. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! पंखा अगदी मंद, शक्य असल्यास उलटा फिरवला तर वरची ऊब थोडी खाली येते. जोरात फिरवू नका, वाऱ्यानेच थंडी वाजेल.

आता माझं ठाम मत, ज्यावर भांडायचं असेल त्यांनी खुशाल भांडावं. 'कमी वीज खाणारा' हीटर नावाची गोष्ट नसते. कॉइलचा, ब्लोअरचा, तेल भरलेला, कुठलाही घ्या. एका युनिटची उष्णता एक युनिटच. तेलाचा सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, ब्लोअर लगेच तापतो आणि कानाशी घोंघावतो, लाल दांड्यांचा समोरच्या माणसाला थेट शेकतो. फरक सोयीचा आहे, वॉटचा नाही. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. खरा अपवाद एकच, हीट मोड असलेला एसी. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो. फ्रीजच्या पाठीला किंवा बाजूला हात लावून बघा, आतली उष्णता तिथे बाहेर पडत असते. हा तोच खेळ उलटा. म्हणून एका युनिटमध्ये तीनएक युनिटची ऊब मिळू शकते. बाहेर थंडी वाढेल तसं हे प्रमाण घसरतं, पण साध्या हीटरपेक्षा बरंच. आमचा एसी फक्त गार करणारा निघाला. घेताना विचारायचं सुचलं नव्हतं.

दुसरं एक मत असं की खोली तापवण्यापेक्षा माणूस तापवा. गादीवर अंथरायचं इलेक्ट्रिक ब्लँकेट साधारण १०० वॉटचं असतं, रात्रभर चाललं तरी युनिटच्या आत. रजईत तर वीजच नाही, नुसती अडकवलेली हवा. थांबलेली हवा विटेपेक्षा पंचवीस-तीस पट कमी उष्णता वाहू देते. फटीतून पळणारी हवा ऊब घेऊन जाते आणि तीच कापसात कोंडली की ऊब धरून ठेवते. पायमोजे, टोपी, फरशीवर सतरंजी, हे सगळं त्याच हिशोबातलं. आणि माणूस स्वतःच शंभरेक वॉटचा हीटर आहे. चार जण एका खोलीत बसले की ४०० वॉट फुकट. आमच्याकडे मात्र चौघं चार खोल्यांत, चार मोबाइल, दोन हीटर.

एक वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. बाहेर जाताना हीटर बंद करायचा की मंद ठेवायचा? बायकोचं म्हणणं, परत तापवायला जास्त वीज लागते. नाही लागत. गळती आत-बाहेरच्या फरकावर चालते; घर गार झालं की गळतीही मंदावते. बाहेर १० आणि आत २० असताना तुम्ही १९ वर भागवलंत तर गळती दहा टक्क्यांनी कमी. आणि थर्मोस्टॅट ३० वर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त बंद करायचं विसरल्यावर जास्त तापते.

पण कंजुषीलाही तळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत घरात किमान १८ अंश सुचवले आहेत आणि म्हातारी माणसं, तान्ही मुलं, आजारी यांच्यासाठी त्याहून जास्त. घरात असं कुणी असेल तर युनिट मोजत बसू नका.

आणि बंद खोलीत शेगडी, कोळसे, काहीही जळतं ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस झोपेतून उठतच नाही. गॅस गीझर असलेल्या जागेतले झरोकेही बुजवायचे नाहीत. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, तेव्हा तो टीव्हीच्या एक्स्टेन्शनवर लावू नका. माझी वायर लिबलिबीत झाली होती, म्हणून सांगतोय.

पडद्यांचं थोडक्यात: ऊन असेल तेव्हा सताड उघडे, ऊन गेलं की लगेच बंद, खाली टेकतील एवढे लांब. चांगलं ऊन येणारी मोठी खिडकी भरदुपारी कित्येकशे वॉट आत सोडते, म्हणजे लहानसा हीटरच.

फटी बुजवल्यावर एक नवीन त्रास झाला तो मात्र कुणी सांगितला नव्हता. काचांवर सकाळी पाणी, कपाटामागे बुरशीचे काळे ठिपके. खोलीत ओले कपडे वाळत घालत होतो, ती सगळी वाफ आतच. आता रोज दुपारी दहा मिनिटं खिडक्या सताड उघडतो. ऊब जाईल म्हणून आधी जीव खालीवर व्हायचा, पण हवा तापवायला चार मिनिटांची वीज लागते, भिंती आपली ऊब धरून बसलेल्या असतात.

या हिवाळ्यात युनिट निम्म्यावर आले. स्लॅब तसाच आहे. वर काय अंथरायचं याची चौकशी चालू आहे. कुणी केलं असेल तर लिहा, पावसाळ्यात गळलं की नाही तेही लिहा. बाबांनी काल खुर्ची परत खिडकीत ओढलीय. तिथून रस्ता दिसतो म्हणे.