पान ४९ वरच्या चुकीसाठी

नमस्कार. 'बॅबिट'च्या १९२२ सालच्या प्रतीबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही रोखठोक विचारलंत: सिंक्लेअर लुइसची ही कादंबरी इंटरनेटवर फुकट वाचता येते, मग छपाईच्या चुका असलेली प्रत जादा पैसे मोजून कशाला घ्यायची? शिवाय धंदेवाल्यांची टर उडवणारं पुस्तक भाव वाढेल म्हणून जपणं हा दुटप्पीपणा आहे, असंही म्हणालात.

नुसतं वाचायचं असेल तर फुकटचा मजकूर उत्तमच. पण ती चूक काय आहे ते बघा. बॅबिट हा झेनिथ शहरातला जागांचा दलाल. आर्चिबाल्ड पर्डी या वाण्याला आपल्या दुकानाला लागून मटणाचं दुकान काढायचंय, याचा त्याला सुगावा लागतो. लगेच तो शेजारची जागा कॉनराड लाइट नावाच्या सट्टेबाजाला ११,००० डॉलरना घ्यायला लावतो, तिथल्या भाडेकरूचं भाडं वाढवतो आणि शेवटी तीच जागा पर्डीच्या गळ्यात २१,००० ला मारतो. स्वतःची दलाली ४५० डॉलर. आता, पहिल्या छपाईतल्या सुरुवातीच्या प्रतींत पान ४९ वर, चौथ्या ओळीत, 'लाइट' हवं तिथे 'पर्डी' छापलंय. कमावणाऱ्याच्या जागी नागवला गेलेला! पुढे ही चूक दुरुस्त झाली, त्यामुळे फुकटच्या मजकुरात तिचा मागमूस नाही. पुस्तक छापखान्यात कसं घडत गेलं, ते मला अशा जागी दिसतं आणि त्यासाठी पैसे मोजायला मी तयार असतो.

दुसरं म्हणजे, लुइसला १९३० साली नोबेल मिळालं, साहित्यातलं अमेरिकेचं पहिलं. त्यानंतर हे पुस्तक 'अभिजात' म्हणूनच हातात येऊ लागलं. १९२२ ची प्रत मात्र नुसतीच एक नवी कादंबरी होती, बॅबिटसारख्याच माणसांच्या गावात विकायला आलेली. ती तशी हातात धरावी, ही माझी हौस.

भावाचं म्हणाल, तर या बाजारात खरी किंमत वरच्या कागदी जॅकेटची. ते शाबूत असलं की आकडा कित्येक पटींनी चढतो. माझ्या प्रतीला जॅकेट नाही, फक्त निळी कापडी बांधणी आणि नारिंगी अक्षरं. ती विकायला घेतलेलीच नाही. पुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कुलपात ठेवणाऱ्यांबद्दल तुमचा राग मला पूर्ण पटतो. माझी प्रत घरी येणारा कुणीही चाळू शकतो, तुम्हीही या. शिवण सैल झालीय, पानं तेवढी जपून उलटा.