पीएमपी करू का, या प्रश्नाचं लांबलचक उत्तर

"सर, पीएमपी करू का? खरंच उपयोग होतो का?"

हा मेसेज मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो. पीएमपी म्हणजे 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल', प्रोजेक्ट मॅनेजरचं प्रमाणपत्र. विचारणारे बहुतेक नुकतेच प्रोजेक्ट मॅनेजर झालेले असतात. मी दर वेळी 'जरूर कर' असंच सांगतो, पण तेवढं बोलून झालं की मनाला चुटपुट लागते. त्यांच्या डोळ्यांसमोर असते ती परीक्षा, ते १८० प्रश्न आणि नावापुढे लागणारी तीन अक्षरं. ही परीक्षा घेणारी संस्था, म्हणजे पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट), मुळात कशासाठी निघाली, तशा आणखी संस्था जगात का उभ्या राहिल्या आणि त्यांच्याकडे हक्काने काय मागायचं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

धरणं, पूल, रेल्वे हे सगळं 'प्रोजेक्ट मॅनेजर' हा शब्द रुळायच्या कितीतरी आधीपासून बांधलं जात होतं. पण ते पार पाडणारा माणूस इंजिनिअर म्हणून ओळखला जायचा, कंत्राटदार म्हणून, नाहीतर लष्करी अधिकारी म्हणून. १९५७ च्या सुमारास ड्युपाँट कंपनीत क्रिटिकल पाथची पद्धत आकाराला आली. पाठोपाठ १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी 'पर्ट' ही वेळापत्रक आखायची तशीच पद्धत आली. कामांचं अख्खं जाळं कागदावर मांडता येऊ लागलं. कोणतं काम एक दिवस रेंगाळलं तर सगळा प्रकल्प एक दिवस लांबेल, हे बोट ठेवून दाखवता येऊ लागलं. पण ते दाखवणारा माणूस स्वतःच्या कंपनीत एकटा असायचा. त्याचं बोलणं धड कळेल असं आसपास सहसा कोणी नसायचं. या संस्था त्या एकटेपणातून निघाल्या, असं माझं ठाम मत आहे.

युरोपातली मंडळी १९६५ मध्ये एकत्र आली. त्यांच्या संस्थेला पुढे 'इंटरनेट' असं नाव पडलं. आजच्या इंटरनेटचा त्याच्याशी काही संबंध नाही. नेटवर्क पद्धतीने नियोजन करणाऱ्यांचं ते आंतरराष्ट्रीय जाळं होतं. १९६७ मध्ये व्हिएन्नाला त्यांची पहिली जागतिक परिषद भरली. हीच संस्था आज आयपीएमए (इंटरनॅशनल प्रोजेक्ट मॅनेजमेंट असोसिएशन) म्हणून ओळखली जाते. अमेरिकेत ९ ऑक्टोबर १९६९ रोजी अटलांटातल्या जॉर्जिया टेकमध्ये पीएमआयची पहिली औपचारिक बैठक झाली. जिम स्नायडर, गॉर्डन डेव्हिस, एरिक जेनेट, नेड एंगमन आणि सुसान गॅलघर ही पाच नावं तिचे संस्थापक म्हणून घेतली जातात. अशीच ब्रिटनची संस्था एपीएम १९७२ ची, ऑस्ट्रेलियाची एआयपीएम १९७६ ची.

यातल्या आयपीएमए आणि पीएमआय या दोन मोठ्या संस्थांची ठेवणच वेगळी आहे, आणि तो फरक समजून घेण्यासारखा आहे. आयपीएमए हा राष्ट्रीय संस्थांचा महासंघ. तुम्ही सभासद होता ते तुमच्या देशातल्या संस्थेचे. तिथे डी पासून ए पर्यंत चार पायऱ्या आहेत. डी म्हणजे ज्ञानाची परीक्षा. वरच्या पायऱ्यांवर तुम्ही प्रत्यक्ष काय केलं याचा लेखी अहवाल द्यावा लागतो आणि जाणकारांसमोर बसून त्याची उत्तरं द्यावी लागतात. पीएमआयमध्ये तुम्ही थेट सभासद होता आणि शहरा-प्रांतांचे चॅप्टर, म्हणजे स्थानिक शाखा, असतात. परीक्षा जगभर एकच. एकच असल्यामुळे ती झपाट्याने पसरली. आज पीएमपी असलेल्यांची संख्या दहा लाखांच्या वर आहे. मला विचाराल तर माणूस पारखायला आयपीएमएची पद्धत अधिक चांगली आणि ओळख पटवायला पीएमपी अधिक सोपी.

आता मला ज्या गोष्टीबद्दल खरं बोलायचंय तिथे येतो. १९८१ मध्ये पीएमआयच्या संचालक मंडळाने एक काम हाती घेतलं. वकिली किंवा वैद्यकी जशी पेशा मानली जाते, तसं आपल्या कामाला म्हणवून घ्यायचं तर काय काय लागेल, याचा विचार करायचा होता. १९८३ मध्ये त्याचा अहवाल छापून आला. तो ईएसए अहवाल म्हणून ओळखला जातो. ई म्हणजे एथिक्स, एस म्हणजे स्टँडर्ड्स, ए म्हणजे अ‍ॅक्रेडिटेशन. आधी नीतिमत्ता, मग मानकं, आणि मग पात्रतेची मान्यता. १९८४ मध्ये पहिली पीएमपी परीक्षा झाली ती यातूनच.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. मुद्दाम लावला असेल किंवा सहज लागला असेल, पण क्रम बरोबर आहे. आणि गेल्या चाळीस वर्षांत तो उलटा झालाय. आज कुणालाही विचारा, पीएमआय म्हटल्यावर आधी परीक्षा आठवते. मग पीएमबॉक, म्हणजे पीएमआयचं मानकांचं पुस्तक. आचारसंहितेचं नाव काढलं की लोक म्हणतात, "हो, अर्ज भरताना एका चौकटीत टिक केलं होतं."

मानकांचं ऋण मी मनापासून मानतो. त्या १९८३ च्या अहवालात ज्ञानाची सहा क्षेत्रं होती: स्कोप (कामाची व्याप्ती), खर्च, वेळ, गुणवत्ता, मनुष्यबळ आणि संवाद. १९८७ मध्ये जोखीम आणि कंत्राट-खरेदी आली. १९९६ च्या पीएमबॉक गाइडमध्ये या सगळ्यांची सांगड घालणारं इंटिग्रेशन आलं. २०१३ मध्ये दहावं क्षेत्र आलं, स्टेकहोल्डर मॅनेजमेंट. प्रकल्पाशी ज्यांचं भलंबुरं जोडलेलं आहे त्या माणसांना स्वतःचं प्रकरण मिळायला तीस वर्षं लागली. काम करताना आपल्यालाही हे सगळं साधारण याच क्रमाने उमगत जातं. पुढे २०२१ च्या सातव्या आवृत्तीने प्रक्रियांची जंत्री बाजूला ठेवून बारा तत्त्वं पुढे केली. ते अनेकांना रुचलं नाही. मला रुचलं.

या शब्दांची किंमत मला एका कॉलवर कळली. तीन देशांतल्या तीन टीम होत्या आणि दोन तास वाद चालला होता, बेसलाइन, म्हणजे प्रगती ज्याच्याशी ताडून पाहायची ती मूळ योजना, पाळली की नाही पाळली. शेवटी एका मुलीने विचारलं, "बेसलाइन म्हणजे तुम्ही प्रत्येक जण नक्की काय धरताय?" एकासाठी बेसलाइन म्हणजे कंत्राटातली तारीख. दुसऱ्यासाठी शेवटच्या मीटिंगमध्ये ठरलेली तारीख. तिसऱ्याकडे एक एक्सेल शीट होतं, जे दर आठवड्याला बदलत होतं. भांडण तिथेच संपलं. शब्दांचे अर्थ ठरवून देणं हे कंटाळवाणं काम आहे, आणि या संस्थांनी ते दशकानुदशकं, बऱ्याच अंशी सभासदांच्या विनामोबदला श्रमांवर केलंय. २०१२ मध्ये आयएसओ २१५०० हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानक निघालं, त्यामागेही अशाच कष्टांची पुण्याई आहे.

मात्र एका प्रकरणाने मला वाईट वाटतं. ब्रिटनच्या एपीएमने रॉयल चार्टर, म्हणजे राजसनद मागितली. ती देण्याच्या निर्णयाला पीएमआयने तिथल्या न्यायालयात आव्हान दिलं. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने ते फेटाळलं, २०१६ मध्ये अपील न्यायालयानेही. २०१७ पासून एपीएमची सनद लागू झाली आणि 'चार्टर्ड' म्हणवून घेण्याची वाट मोकळी झाली. दोघांनाही आपल्या कामाला पेशाचा मान मिळवून द्यायचा होता, आणि तो मान कुणाच्या हातून मिळावा यावरून दोघं कोर्टाची पायरी चढले. त्याच काळात गॅप्स नावाचा एक छोटा गट, जो २००३ मध्ये सुरू झाला, निरनिराळ्या संस्थांची मानकं शेजारी-शेजारी ठेवून पडताळायचं काम गाजावाजा न करता करत होता. त्याची चर्चा मात्र फारशी कुठे होत नाही.

सनद असो वा प्रमाणपत्र, एक गोष्ट ध्यानात ठेवा. नोंदणी नसेल तर डॉक्टरला रुग्ण तपासता येत नाही. प्रोजेक्ट मॅनेजरचं सहसा तसं नसतं. संस्थेने सभासदत्व काढून घेतलं तरी तुम्ही सोमवारी कामावर जाऊ शकता. या संस्थांच्या हातात काठी जवळजवळ नाहीच. म्हणूनच त्यांचं खरं बळ नीतिमत्तेत आणि आपसातल्या विश्वासात असायला हवं. पीएमआयच्या आचारसंहितेत चार मूल्यं आहेत: जबाबदारी, आदर, न्याय्यता, प्रामाणिकपणा. प्रामाणिकपणाच्या भागात अचूक माहिती वेळेवर देण्याची गोष्ट आहे. आमच्या कामातलं सगळ्यात अवघड वाक्य तेच आहे, आणि परीक्षेत सगळ्यात सोपं.

माझंच सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका प्रकल्पाचा स्टेटस रिपोर्ट मी तयार केला होता. नऊ ओळी होत्या. सातव्या ओळीत डेटा मायग्रेशन, म्हणजे जुन्या सिस्टिममधली माहिती नव्यात हलवणं, आणि तिथे मी धोक्याचा लाल रंग भरला होता, कारण जुन्या सिस्टिममधले निम्मे रेकॉर्ड जुळत नव्हते. प्रकल्पावर देखरेख करणाऱ्या स्टीअरिंग कमिटीच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी वरिष्ठ म्हणाले, "लाल बघितलं की स्पॉन्सर घाबरेल. पिवळा कर, आपण दोन आठवड्यांत निस्तरू." मी सेलवर क्लिक केलं आणि रंग बदलला. नावापुढे पीएमपी होतं. आचारसंहितेखाली सही होती. अकरा आठवड्यांनी गो-लाइव्ह, म्हणजे नवी सिस्टिम प्रत्यक्ष सुरू करणं, पुढे ढकलावं लागलं आणि ज्या टेस्टिंगच्या मुलांनी पहिल्या दिवसापासून ओरडून सांगितलं होतं, त्यांच्याच माथी रात्रपाळ्या आल्या. त्या मुलांची मी तेव्हा माफी मागितली नाही, हे मला आजही सलतं.

त्यानंतर काही महिन्यांनी मी चॅप्टरच्या एका शनिवारच्या बैठकीला गेलो. पीडीयू, म्हणजे शिकत राहिल्याबद्दल मिळणारे गुण, हवे होते म्हणून. पीएमपी टिकवायला तीन वर्षांत ६० लागतात आणि माझे कमी पडत होते. बोलायला एक निवृत्तीला आलेले गृहस्थ उभे होते. त्यांनी स्वतःच्या फसलेल्या प्रकल्पाची एकच स्लाइड दाखवली. तिच्यावर दोन तारखा होत्या. वरची 'आम्हाला कळलं तो दिवस', खालची 'आम्ही सांगितलं तो दिवस'. मध्ये चार महिने. ते म्हणाले, "या चार महिन्यांचा हिशोब मी कोणत्याच रिपोर्टमध्ये लिहिला नाही, म्हणून इथे सांगतोय."

हॉलमध्ये कोणी हललं नाही. मग मागच्या रांगेतून एकाने स्वतःच्या दोन तारखा सांगितल्या. मग आणखी एकाने. मीही सांगितल्या. ऑफिसात हे बोलता आलं नसतं, कारण तिथे प्रत्येक वाक्याला अप्रेझल चिकटलेलं असतं. घरी सांगून कोणाला कळलं नसतं. १९६५ आणि १९६९ ची ती माणसं एकमेकांना शोधत होती ती याचसाठी असणार, हे मला त्या दिवशी पटलं.

म्हणून माझं या संस्थांकडे मागणं आहे. १९७६ पासून अमेरिकेत नासा विमान वाहतुकीसाठी एक व्यवस्था चालवते. वैमानिक, कंट्रोलर आपल्या चुका आणि थोडक्यात टळलेले अपघात तिथे कळवतात. नाव-गाव काढून टाकलं जातं आणि धडा सगळ्यांना मिळतो. आमच्या संस्थांना हे का जमू नये? लाखो सभासद आहेत, देशोदेशी चॅप्टर आहेत. परिषदांमध्ये यशोगाथांच्या स्लाइड भरपूर असतात. नाव न सांगता अपयश नोंदवायची एक पक्की, कायमची जागा उभारा. आणि रंग बदलायला सांगितलेल्या सभासदाला त्याच संध्याकाळी फोन करून बोलता येईल असा एक अनुभवी माणूस प्रत्येक चॅप्टरमध्ये नेमा. पीडीयूसाठी बाजूला म्यूट करून लावलेल्या वेबिनारपेक्षा त्या एका फोनचा उपयोग कितीतरी जास्त होईल.

गेल्या वर्षी मेसेज करणाऱ्यांपैकी एकीने परीक्षा दिली, पास झाली. चार महिन्यांपूर्वी रात्री नऊला तिचा फोन आला. "सर, व्हेंडरच्या ओळीचा रंग बदलायला सांगितलंय. काय करू?" आम्ही तासभर बोललो. तिने रंग लालच ठेवला, खाली दोन ओळींत कारण लिहिलं, सोबत सावरायचा मार्ग आणि त्याला लागणारे आठवडे लिहिले आणि मीटिंगच्या आधी तिच्या वरिष्ठांना स्वतः जाऊन दाखवलं. ते चिडले. रिपोर्ट मात्र तसाच गेला. प्रकल्प तरीही लांबला, पण तीनच आठवडे.

पुढच्या महिन्यात ती आमच्या चॅप्टरला यावर बोलणार आहे. तिने स्लाइड पाठवलीय, दोन तारखांची. दोन्हींमध्ये एका रात्रीचं अंतर आहे.