लॉग होरायझन : जिथे सगळ्यात मोठी लढाई एका बैठकीत होते

ऑनलाइन गेमच्या जगात अडकलेल्या माणसांच्या जपानी गोष्टी आता ढिगाने आहेत. त्या सगळ्यांत मला 'लॉग होरायझन' सगळ्यात मोठी वाटते. आणि कुणालाही ती सुचवली की उत्तर ठरलेलं असतं : "पाचसहा एपिसोड पाहिले रे, पण त्यात नुसत्या मीटिंगाच आहेत." या वाक्याला मला एकदा नीट, सविस्तर उत्तर द्यायचं आहे. कारण त्या मीटिंगा हाच या मालिकेचा प्राण आहे.

(पुढे कथेतल्या बऱ्याच गोष्टी उघड होणार आहेत. अजून पाहिली नसेल आणि कोरी पाहायची असेल, तर इथेच थांबा.)

मामारे तोनो या लेखकाने ही कथा २०१० मध्ये इंटरनेटवर लिहायला सुरुवात केली, पुढच्या वर्षापासून तिची पुस्तकं निघू लागली. ॲनिमे २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये आला, तोही एनएचके या जपानी सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या शैक्षणिक वाहिनीवर. पहिला सीझन पाहिल्यावर ते अजिबात नवल वाटत नाही. एखादं शहर कसं उभं राहतं, कायदा कुठून येतो, मालकी म्हणजे काय, याचा इतका रंगतदार धडा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

गोष्ट साधी आहे. 'एल्डर टेल' नावाचा वीस वर्षं जुना ऑनलाइन गेम. त्याचं बारावं एक्स्पान्शन (गेममध्ये पडणारी नवी मोठी भर) ज्या दिवशी येतं, त्या दिवशी खेळत असलेले सगळे त्या जगात जाऊन पडतात. एकट्या जपानमधले तीस हजार. गेममधली पृथ्वी खऱ्या पृथ्वीच्या निम्म्या मापाची, त्यामुळे टोकियोतलं अकिहाबारा तिथे झाडावेलींनी वेढलेलं 'अकिबा' होऊन उभं असतं. त्यातल्या एका जुन्या खेळाडूची ही कथा. शिरोए, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, चष्मा, तिरकी नजर, माणसांत मिसळायची भीती. गेममध्ये तो एन्चँटर. म्हणजे स्वतः फारसा मार देऊ न शकणारा, दुसऱ्याची ताकद वाढवणारा. सगळ्यांच्या मागे उभं राहून पूर्ण मैदान पाहणारा माणूस नायक केला, इथेच लेखकाचा इरादा कळतो.

या प्रकारातली सगळ्यात गाजलेली मालिका म्हणजे 'सोर्ड आर्ट ऑनलाइन'. तिथे गेममध्ये मेलात की खरोखर मेलात. त्यामुळे ताण आयता मिळतो. तोनोने नेमकं उलट केलं. इथे मेलेला खेळाडू शहरातल्या महामंदिरात पुन्हा जिवंत होतो. भूक भागते, पैसा राक्षस मारून मिळतो, वरच्या लेव्हलच्या लोकांना धोका असा जवळजवळ नाहीच. मग अडचण काय? अडचण ही की जगायला कारणच उरत नाही. अकिबाच्या रस्त्यांवर माणसं नुसती बसून राहतात. काही जण शहराबाहेर दबा धरून दुसऱ्या खेळाडूंना मारून लुटतात, कारण करायला दुसरं काही नाही आणि मेलेला तर परत येणारच आहे. मरण काढून टाकल्यावर माणसाचं काय होतं, हा प्रश्न मला मरणाच्या भीतीपेक्षा कितीतरी खोल वाटतो. पुढे कळतं की प्रत्येक मरणागणिक खऱ्या आयुष्यातल्या आठवणींचा एकेक तुकडा गळून जातो. तेव्हा 'फुकट' वाटणाऱ्या त्या मरणांची किंमत मागे वळून आठवते आणि अंगावर काटा येतो.

आणि जेवण! मेनूत जाऊन पदार्थ निवडला की तो क्षणात तयार होतो. दिसायला सुरेख, पण प्रत्येक पदार्थाची चव एकच : सादळलेल्या, बिनमिठाच्या सेनबेईची, म्हणजे तांदळाच्या बिस्किटाची. करी असो, मासा असो, फरक शून्य. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण रोज, तिन्ही वेळा, कायम असं खायचं म्हटल्यावर माणूस आतून कसा मरत जाईल? न्यांता नावाचा मांजरमुखी, अदबशीर खेळाडू याचं उत्तर शोधून काढतो. आचाऱ्याचं कौशल्य घेतलेल्या माणसाने मेनूला हात न लावता, चूल पेटवून, स्वतःच्या हाताने रांधलं की चव येते. तो पहिला घास खाताना शिरोए आणि त्याचा मित्र नाओत्सुगु यांचे चेहरे पाहा. कुठल्याही तलवारबाजीपेक्षा तो प्रसंग मोठा आहे, कारण या जगात हाताने काम केलं तर नवं काहीतरी घडू शकतं, हे पहिल्यांदा तिथे कळतं.

आता मीटिंगांकडे येतो.

अकिबात हामेलिन नावाची एक गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा संघ, असते. नवख्या, कमी लेव्हलच्या मुलांना लवकर वर येता यावं म्हणून गेम रोज एक औषधाची बाटली देतो. हामेलिनवाले 'आम्ही सांभाळू' म्हणून या मुलांना गोळा करतात, त्यांच्या बाटल्या काढून घेतात आणि मोठ्या गिल्डना विकतात. मुलांकडून दिवसभर काम करून घेतात. गेमच्या नियमांत यात काहीही चुकीचं नाही. शहरात मारामारी केली तर पहारेकरी धावून येतात, पण पिळवणुकीसाठी कुणी येत नाही. मोठ्या गिल्डना हे सगळं माहीत असतं आणि त्या बाटल्या विकत घेत राहतात. त्या मुलांत मिनोरी आणि तोया ही जुळी भावंडं असतात, ज्यांना शिरोएने कधीकाळी गेम शिकवलेला असतो.

दुसऱ्या कुठल्याही मालिकेत नायक तलवार घेऊन हामेलिनच्या अड्ड्यावर गेला असता. शिरोए तसं करत नाही. कारण हामेलिन मोडली तरी उद्या दुसरी उभी राहील, त्याला थांबवणारा कायदाच शहरात नाही. मग तो काय करतो? न्यांताच्या शोधाच्या जोरावर मारिएल आणि हेन्रिएताच्या क्रेसेंट मून गिल्डकडून बर्गरचं दुकान काढतो. चव विसरलेलं शहर रांगा लावतं. त्या हवेवर तीन मोठ्या उत्पादक गिल्डकडून पन्नास लाख सुवर्णमुद्रा उभ्या राहतात. नंतर तो सगळ्या मोठ्या गिल्डना चर्चेला बोलावतो आणि सांगतो की ज्या इमारतीत आपण बसलो आहोत, जिथे तुमच्या सगळ्यांच्या गिल्डचे हॉल आहेत, ती मी विकत घेतली आहे. कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही, हे आता माझ्या हातात आहे.

ही उघड धमकी आहे. शिरोए ती लपवतही नाही. आणि लगेच दुसऱ्या हाताने तो स्वयंपाकाचं गुपित सगळ्यांसमोर उघडं करतो, ज्यावर तो आयुष्यभर श्रीमंत राहू शकला असता. ते ऐकून उत्पादक गिल्डच्या प्रमुखांच्या डोक्यात दिवे लागतात : जेवण हाताने करता येतं, तर मग बाकी सगळंच करता येईल. वाफेचं इंजिनसुद्धा! ज्याने कुणी वीस बिऱ्हाडांच्या सोसायटीला पाण्याच्या टाकीच्या खर्चावर एकमत करायला लावलं असेल, त्याला त्या दालनातली हवा बरोबर ओळखता येईल. कोण गप्प बसतं, कोण उठून जातं (सिल्व्हर सोर्ड गिल्डचा प्रमुख विल्यम खरंच उठून जातो), कोण फक्त स्वतःच्या फायद्यापुरतं ऐकतं. शेवटी अकरा गिल्डची गोलमेज परिषद जन्माला येते आणि हामेलिनची मुलं सुटतात. रक्ताचा एक थेंब न सांडता.

मला या प्रसंगाचं सगळ्यात जास्त अप्रूप याचं आहे, की लेखक तो गोड करून सांगत नाही. चांगली व्यवस्था एका माणसाच्या पैशाच्या आणि धमकीच्या जोरावर उभी राहिली, ही गाठ तो तशीच ठेवतो. इथे एक तपशील मुद्दाम सांगतो. कथेतल्या त्या बाराव्या एक्स्पान्शनचं नाव आहे 'होमस्टेडिंग द नूस्फिअर'. हेच शीर्षक एरिक रेमंड यांनी १९९८ मध्ये लिहिलेल्या एका निबंधाचं आहे. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या जगात मालकी कशी ठरते, जो देतो त्याला मान कसा मिळतो, याबद्दलचा तो निबंध. म्हणजे 'हे कुणाचं?' हा प्रश्न तोनोने पहिल्या दिवसापासून कथेच्या पायात घातलेला आहे. दुसऱ्या सीझनमध्ये शिरोए जिवावर उदार होऊन सोनं मागायला जातो, ते कशासाठी? यामातोतली, म्हणजे गेममधल्या जपानमधली, जमीन कुणा एकाच्या मालकीची होऊ नये यासाठी. फँटसीतल्या किती नायकांची मोहीम अशी असते, सांगा.

पण मला विचाराल तर मालिकेचं शिखर चोशी नावाच्या गावात आहे.

या जगात खेळाडूंखेरीज आणखी माणसं आहेत, एकेकाळचे एनपीसी, म्हणजे गेमच चालवायचा ती पात्रं. दुकानदार, शेतकरी, राजेरजवाडे. गेम असताना ती ठरावीक वाक्यं बोलायची, आता ती खरी माणसं आहेत. भूमीची माणसं. ती मेली की परत येत नाहीत. रुंडेलहाउस कोड हा त्यांच्यातलाच एक तरुण जादूगार. खेळाडूंसारखं 'साहसी' (खेळाडूंना या जगात हेच म्हणतात) व्हायचं हे त्याचं स्वप्न, म्हणून तो खरी ओळख लपवून मिनोरी, तोया, इसुझु, सेरारा यांच्यात मिसळतो. चोशी गावावर हल्ला होतो तेव्हा तो आपल्या सोबत्यांसाठी लढतो आणि मरणाच्या दारात पोचतो. त्याच्या सोबत्यांना शंभर मरणं परवडतात, त्याला एकच परवडत होतं, आणि ते त्याने दिलं.

तिथे शिरोए पोचतो. त्याचं दुय्यम कौशल्य लेखनिकाचं. गेममध्ये ज्याला कुणी विचारत नाही असं, नकला उतरवायचं काम. तो एक करारपत्र लिहितो. रुंडेलहाउस साहसी म्हणून शिरोएच्या लॉग होरायझन गिल्डमध्ये येईल, गिल्ड त्याला आपला मानेल, दोघांनी एकमेकांना काय द्यायचं ते ठरलेलं. खाली शिरोएची सही, आणि शेवटचे श्वास मोजणाऱ्या रुंडेलहाउसची. उपकार नाही, बक्षीस नाही, दया नाही. दोन समान माणसांमधला करार. आणि त्या कागदाने जगाचा नियम बदलतो : रुंडेलहाउस खेळाडूंसारखाच परत जिवंत होतो.

मी हा भाग पुन्हा पुन्हा पाहतो आणि दर वेळी रडतो. एका माणसाने दुसऱ्याला 'तू माझ्या बरोबरीचा आहेस' असं लिहून दिलं, यापेक्षा मोठी जादू मला तरी ठाऊक नाही. याआधी रेनेशिया अकिबात येते, तेव्हाही हेच घडतं. राजघराण्यातली मुलगी, पण ती खेळाडूंना हुकूम देत नाही. तुम्ही स्वतंत्र आहात, मला तुमच्यावर अधिकार नाही, तरी मदत करा, असं ती भर चौकात मागते. बाकीचे उमराव गॉब्लिन राक्षसांशी लढणं हे साहसींचं कर्तव्यच असल्यासारखं बोलत असतात, ही एकटी विनंती करते. म्हणून अख्खं शहर तिच्यामागे निघतं.

दुसऱ्या सीझनला स्टुडिओ बदलला, सॅटेलाइटकडून काम स्टुडिओ डीनकडे गेलं, आणि चित्रांत तो उतार दिसतो, हे मान्य. पण त्यातलं विल्यमचं बोलणं सोडू नका. चोवीस जणांची रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची मोठी चढाई, एकाच दालनात तीन महाकाय शत्रू, सगळे मरून परतलेले, कुणाच्या अंगात उठायची ताकद नाही. अशा वेळी विल्यम कुठलंही जोशपूर्ण भाषण करत नाही. तो कबूल करतो, की मला गेमशिवाय काहीच नीट आलं नाही, लोक याला वाया घालवलेला वेळ म्हणाले, पण मला माणसं मिळाली ती इथेच. कॉलेजच्या वयात रात्रीरात्री हेडफोन लावून अनोळखी मुलांसोबत रेड केलेल्या आणि सकाळी घरी बोलणी खाल्लेल्या कुणालाही हे ऐकवत नाही, इतकं ते खरं आहे. माझे दोन अगदी जवळचे मित्र अशाच एका गिल्डमधून मिळालेले आहेत. विल्यमने आमच्या वतीने ते बोलून टाकलं.

लेखकाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. २०१५ मध्ये त्याच्यावर करचुकवेगिरीचा खटला झाला आणि तो दोषी ठरला. सार्वजनिक जबाबदारीवर इतकं सुंदर लिहिणाऱ्या माणसाने असं करावं याचं मला मनापासून वाईट वाटलं, आजही वाटतं. चोशीचा करार त्यामुळे माझ्यासाठी खोटा ठरत नाही, पण चूक ती चूकच. तिसऱ्या सीझनसाठी २०२१ उजाडलं आणि मिळाले फक्त बारा एपिसोड.

तो सीझन घाईत उरकल्यासारखा आहे, तरी त्याचा विषय मला फार धाडसी वाटतो. गोलमेज परिषद मोडते. बाहेरच्या शत्रूमुळे नाही, तर आतल्या विषमतेमुळे. मोठ्या गिल्ड गब्बर झाल्या, लहान गिल्डची आणि एकट्या खेळाडूंची परवड झाली, आणि ऑनेस्टी गिल्डचा प्रमुख आइन्स हा प्रश्न लावून धरतो. प्रकरण निवडणुकीपर्यंत जातं, रेनेशिया विरुद्ध आइन्स. आइन्सला खलनायक म्हणणारे खूप आहेत. मला तो तसा वाटत नाही. त्याने निवडलेला मार्ग मला पटत नाही, पण त्याची तक्रार शंभर टक्के खरी आहे. ज्या परिषदेत बसायची जागा मोठ्या गिल्डना पहिल्या दिवशीच मिळाली, तिथे बाकीच्या हजारोंचा आवाज कधी पोचणार होता? शिरोएने इमारत विकत घेतली त्या दिवसाची गाठ इथे येऊन काचते.

तेव्हा ज्यांनी पाचव्या-सहाव्या एपिसोडला सोडली, त्यांनी कृपा करून परिषद बसेपर्यंत थांबा, आणि नंतर चोशीपर्यंत जा. पहिला सीझन पंचवीस एपिसोडचा आहे, जमल्यास जपानीतूनच, सबटायटल्स लावून पाहा. आणि ज्यांचा तिसरा सीझन पाहून झालाय, त्यांनी आइन्सबद्दल काय वाटलं ते खाली लिहा. त्याच्या जागी तुम्ही असता, तर परिषदेतच राहून भांडला असता की बाहेर पडला असता?