दुतोंड्या मारुती आणि लाल चौकट

गोदावरीला पूर आला की धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, हे नाशिककर नंतर विचारतो. त्याचा पहिला प्रश्न नदीपात्रातल्या मूर्तीविषयी असतो, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आले? गुडघ्यापर्यंत म्हटले की तो निवांत चहा संपवतो आणि छातीपर्यंत म्हटले की सराफ बाजारात आवराआवर सुरू होते. अशा मोजपट्टीवर वाढलेल्या माणसाचे अँटीव्हायरसशी जमणे कठीणच, कारण अँटीव्हायरसच्या मारुतीला गुडघे नाहीत. थेंब दिसला की पाणी डोक्यावरून गेलेच.

इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीचा मी खजिनदार. मेंटेनन्सच्या पावत्या लिहून माझे मनगट दुखू लागले, तेव्हा पुण्यातल्या भाच्याने पायथन या संगणकीय भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहून पाठवला. मी तो उघडायला गेलो मात्र, पडद्यावर लाल चौकट उमटली, 'ट्रोजन' हा शब्द झळकला आणि फाइल नाहीशी झाली.

"तरी सांगत होते, चेअरमनांचा पेनड्राइव्ह लावू नका," असे म्हणत सौभाग्यवतींनी कणकेच्याच हाताने प्लग काढला.

भाच्याला फोन लावला. "मामा, तो व्हायरस नाही, मी आहे," तो म्हणाला.

त्याच्या सांगण्यानुसार फाइल गेली नव्हती, क्वारंटाइनमध्ये कोंडली होती. माहितीतले व्हायरस त्यांच्या खुणांवरून ओळखले जातात. अनोळखी फाइलबद्दल मात्र लक्षणांवरून अंदाज बांधला जातो, आणि भाच्याच्या फाइलची सगळीच लक्षणे वाईट होती. तिच्यावर डिजिटल सही नव्हती, आम्हा दोघांखेरीज जगात ती कोणाकडे नव्हती, आणि पायइन्स्टॉलर वापरून तिने अख्खा पायथन पोटात बांधून आणला होता, जी युक्ती व्हायरस लिहिणारेही वापरतात. अंदाज चुकतात आणि कधी कधी खुणाही चुकतात: एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीच्या स्वतःच्याच एका आवश्यक फाइलला व्हायरस ठरवले आणि जगभरचे संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत बसले. हे ऐकून मला जरा बरे वाटले.

भाच्याने आपल्याकडची प्रत व्हायरसटोटलवर, म्हणजे एकच फाइल अनेक अँटीव्हायरस इंजिनांकडून तपासून देणाऱ्या संकेतस्थळावर तपासली. तिथे टाकलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्यांपर्यंतही पोहोचते, म्हणून सभासदांच्या थकबाकीची यादी मात्र त्याने दूर ठेवली. सत्तरच्या आसपास इंजिनांपैकी तिघांनी बोट दाखवले, तेही नावात 'जेनेरिक' घालून, म्हणजे ओळख पटली नाही, नुसताच संशय.

"म्हणजे पाणी घोट्यापर्यंत," मी म्हणालो.

"हो, पण नवा खरा व्हायरससुद्धा पहिल्या दिवशी घोट्यापर्यंतच असतो, मामा."

माझ्यातला खजिनदार जागा झाला. त्याच्याकडून निघाली तीच फाइल माझ्याकडे पोहोचली कशावरून? त्यावर उपाय म्हणजे दोन्हीकडचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा अंगठ्याचा ठसा, पडताळणे. फाइल न चालवता नुसती बाहेर काढून आम्ही ती चौसष्ट अक्षरे फोनवरून जुळवली. भाचा म्हणे "डी", मला ऐकू येई "बी"; शेवटी डी दिंडोरीचा, बी भगूरचा आणि सी चांदवडचा असे ठरले आणि आम्ही अर्धा नाशिक जिल्हा पालथा घातला. बिनचूक जुळले.

अँटीव्हायरस काढूनच टाका, हा चेअरमनांचा सल्ला मी नम्रपणे बाजूला ठेवला. सूट दिली ती तेवढ्या एकाच फाइलला, आणि चुकीचा इशारा म्हणून ती कंपनीकडे पाठवली. चार दिवसांनी त्यांनी चूक मान्य केली, पुढच्या अपडेटनंतर लाल चौकट थांबली आणि माझ्या पावत्या सुरू झाल्या.

मग भाच्याच्या लक्षात आले की पावतीवर 'थकबाकी'चा 'थ' राहून गेला आहे. त्याने तेवढे एक अक्षर घालून नवी फाइल पाठवली. अक्षर बदलले की हॅश बदलतो, आणि हॅश बदलला की जुनी ओळख संपते.

मी फाइल उघडली. स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, "आता कुठपर्यंत आलंय?"

"घोट्यापर्यंत," मी म्हणालो आणि दिंडोरीपासून सुरुवात करण्यासाठी फोन उचलला.