बॉबस्लेड म्हणजे "स्लो कोस्टर" नाही हो!

बॉबस्लेड म्हणजे थीम पार्कमधली अशी राइड, जिच्यात गाडी रुळांवरून नाही तर उघड्या पन्हळीतून मोकळी घरंगळत जाते. युरोप ट्रिपवाल्या ग्रुपांमध्ये सध्या तिच्याबद्दल एक मेसेज फिरतोय, माझ्याकडे तीन ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: "थीम पार्कमध्ये वेळ कमी असेल तर बॉबस्लेड सरळ सोडा. एक तर स्पीड नाही, दुसरं म्हणजे खाली रूळच नाहीत त्यामुळे गाडी बाहेर उडायची भीती, आणि तसंही ही रोलर कोस्टरची स्वस्तातली कॉपी आहे. बघायचीच असेल तर डिस्नेलँडची मॅटरहॉर्न बघा, तीच खरी बॉबस्लेड." लोक हे वाचून खरंच राइड सोडून देतायत म्हणून लिहितोय, कारण यातला एकही मुद्दा धड नाही.

आधी स्पीड. जर्मनीतल्या रुस्ट गावच्या युरोपा पार्कमध्ये दोन्ही राइड आहेत. सिल्व्हर स्टार हा कोस्टर ७३ मीटर उंच, ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर जातो, आणि तिथलीच १९८५ ची बॉबस्लेड, स्विस बॉबबान, जेमतेम पन्नासच्या आसपास. आकडे बघितले तर मेसेजवाल्याचं बरोबर वाटेल. मी दोन्हीत बसलोय. सिल्व्हर स्टारच्या पहिल्या उतारावर पोटात गोळा येतो, मान्य, जबरदस्तच आहे तो. पण बॉबबानमध्ये तुम्ही बसता जमिनीलगत, पत्र्याची पन्हळ दोन्ही अंगांनी वर आलेली, वळण आलं की गाडी त्या भिंतीवर चढते आणि कडा एकदम डोळ्यांसमोर येते, चाकांचा घरघराट कानात घुमत असतो, तेव्हा पन्नासचा स्पीड पन्नास वाटतच नाही. आपण हायवेला कारमध्ये शंभरने आरामात डुलक्या काढतो आणि घाटात चाळीसला हँडल घट्ट धरतो, तसंच आहे हे.

आता रूळ नाहीत म्हणून धोका, हा मुद्दा सगळ्यात जास्त पसरलाय आणि इथेच सगळी गंमत आहे. रोलर कोस्टरच्या गाडीला तीन प्रकारची चाकं असतात: वरची, बाजूची आणि रुळाच्या खालून धरणारी. ती खालची चाकं जॉन मिलर या अमेरिकन माणसाने आणली, १९१९ चं पेटंट आहे. ती का लागतात? तर कोस्टर उंचवट्यावरून जाताना गाडी वर उचलली जायला बघते, किंवा उलटीच होते, आपल्या खोपोलीच्या इमॅजिकातल्या नायट्रोत होते तशी. बॉबस्लेडमध्ये तसले उंचवटे ठेवतच नाहीत हो! उतार, वळण, परत उतार. गाडी कायम पन्हळीत दाबलेलीच राहते. घरात परात असेल तर गोटी टाकून गोल फिरवून बघा, जोरात फिरवली की कडेकडे चढते, हळू झाली की तळाला येते. जत्रेतल्या मौत का कुआंमधला मोटारसायकलवाला भिंतीला चिकटून राहतो तो याच हिशोबाने. फरक एवढाच की त्याचा जीव त्याच्या हातात असतो आणि इथे गाडी किती वर चढेल याचा हिशोब आधीच करून तेवढी भिंत बांधलेली असते, शिवाय मध्ये मध्ये ब्रेक असतात.

आणि यातूनच जी गोष्ट मिळते ती कोस्टर देऊ शकत नाही. कोस्टरचा रूळ किती कलायचा हे डिझाइनरने ठरवून टाकलेलं असतं, सकाळी आणि संध्याकाळी गाडी त्याच रेषेवरून जाणार. बॉबस्लेडमध्ये गाडी आपली रेषा स्वतः शोधते. त्या क्षणी जेवढा स्पीड तेवढाच कल ती घेते, म्हणून अंगावर येणारा दाब सरळ सीटमध्ये जातो, बाजूचा हिसका त्यामानाने कमी. आत कोण बसलंय, किती वजनाचं, यावर फेरी बदलते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या नोबेल्स पार्कात फ्लाइंग टर्न्स नावाची लाकडी पन्हळीची बॉबस्लेड आहे, तिथे तर बसायच्या आधी लोकांना चक्क वजनकाट्यावर उभं करतात, एका डब्यातल्या दोघांचं मिळून ४०० पौंड, म्हणजे साधारण १८० किलोच्या वर चालत नाही.

स्वस्तातली कॉपी? ही नोबेल्सवाली राइड बांधायला घेतल्यावर उघडायला सात वर्षांच्या आसपास गेली, चाकांनी नाकी नऊ आणले होते, शेवटी २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. कोस्टर आधीचा हे खरं, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा १८८४ चा आणि याच नावाची पहिली राइड, मूळ फ्लाइंग टर्न्स, १९२९ ची, ओहायोतल्या डेटनला. पण ती काढली नॉर्मन बार्टलेट नावाच्या वैमानिकाने, बर्फाच्या पन्हळीतून घसरगाडी सोडायच्या बॉबस्लेड खेळावरून, आणि त्याच्या जोडीला कोण होतं माहितीये? तोच जॉन मिलर! ज्याने गाडीला रुळाशी खालून जखडलं त्यानेच दहा वर्षांनी रूळ काढून टाकलेली राइड बांधायला मदत केली. मला ही गोष्ट फार आवडते. शिवाय कोस्टरचं मूळ तरी काय, रशियातले बर्फाचे उतार आणि त्यावरून घसरणाऱ्या घसरगाड्या, म्हणून तर फ्रेंचमध्ये आजही कोस्टरला "रशियन डोंगर" म्हणतात. मग कोण कोणाची कॉपी?

राहिली मॅटरहॉर्न. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये १९५९ ला उघडली, नावात बॉबस्लेड आहे, डोंगरही झकास केलाय, पण गाडी रुळावरच चालते. उलट पोलादी नळीचे रूळ वापरणारा तो जगातला पहिला कोस्टर, आजच्या बहुतेक स्टील कोस्टरांचा पूर्वज. राइड म्हणून नक्की बसा, पण त्यावरून बॉबस्लेड कशी असते ते कळणार नाही.

रुस्टला गेलात तर बॉबबानला दोनदा बसा, आणि दुसऱ्या वेळेस सोबतचा माणूस बदलून, शक्यतो चांगला जाडजूड. पहिल्याच मोठ्या वळणावर गाडी कुठवर चढते ते बघा.