मोसमाआधीचा पहिला क्रमांक म्हणजे विजेतेपद नव्हे

अमेरिकेतल्या महिला कॉलेज जिम्नॅस्टिक्सचा मोसम जानेवारीत सुरू होतो आणि एप्रिलच्या मध्यावर संपतो. मोसमाआधी प्रशिक्षकांच्या मतदानातून एक क्रमवारी जाहीर होते आणि लगेच एक मजकूर इकडून तिकडे फिरू लागतो. त्याचा सारांश असा: ‘पहिला क्रमांक मिळालेल्या संघात ऑलिंपिकच्या मुली आहेत, पहिल्या आठवड्यापासून ते 200 पैकी 198 गुण मारणार, घरच्या मैदानावर त्यांना हरवणारं कोणी नाही, म्हणजे विजेतेपद ठरलेलंच, मधले तीन महिने नुसती औपचारिकता.’ ओक्लाहोमा, एलएसयू (लुइझियाना स्टेट), फ्लोरिडा, यूसीएलए (लॉस एंजलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ), ज्या विद्यापीठाची त्या वर्षी चलती असेल त्याचं नाव त्यात घातलं जातं. हा मजकूर चाहत्यांची फसगत करतो आणि त्याहून वाईट म्हणजे अठरा-वीस वर्षांच्या मुलींवर चुकीचं ओझं टाकतो. म्हणून त्यातला एकेक दावा तपासून पाहू.

‘गतविजेता किंवा अव्वल संघ अंतिम फेरीत असणारच.’

2021 ते 2024 या चार वर्षांत जे संघ विजेते झाले, त्यांचं पुढच्या वर्षी काय झालं ते पाहा. 2021 चा विजेता मिशिगन. 2022 ची अंतिम फेरी ओक्लाहोमा, फ्लोरिडा, युटा आणि ऑबर्न यांच्यात झाली. मिशिगन त्यात नव्हता. 2022 चा विजेता ओक्लाहोमा 2023 मध्ये पुन्हा जिंकला, हा एकच अपवाद. 2024 मध्ये ओक्लाहोमा सलग दोन विजेतेपदं आणि क्रमवारीतला पहिला क्रमांक घेऊन राष्ट्रीय स्पर्धेसाठी फोर्ट वर्थला आला होता. त्याच मोसमात त्यांनी 198.950 हा कॉलेज जिम्नॅस्टिक्समधला सर्वोच्च सांघिक गुणांचा विक्रम केला होता. उपांत्य फेरीत पहिल्याच साधनावर, व्हॉल्टवर, पडझड झाली, एकूण गुण 197 च्या खाली राहिले आणि अंतिम फेरीत युटा आणि फ्लोरिडा गेले. त्या वर्षी एलएसयूने आपलं पहिलं विजेतेपद घेतलं. पुढच्या वर्षी, 2025 मध्ये, एलएसयूने आपल्या कॉन्फरन्सची (विद्यापीठांच्या गटाची) स्पर्धा जिंकली, राष्ट्रीय पातळीवर पहिलं मानांकन मिळवलं आणि तेही उपांत्य फेरीत बाद झाले.

चारपैकी तीन विजेते पुढच्या वर्षी शेवटच्या चारांतसुद्धा नव्हते. हे अपघात म्हणून सोडून देता येत नाहीत, कारण स्पर्धेची रचनाच तशी आहे.

36 संघ चार ठिकाणच्या विभागीय स्पर्धांत विभागले जातात. अव्वल संघाला तिथे दोन फेऱ्या खेळाव्या लागतात आणि प्रत्येक फेरीत चार संघांपैकी पहिल्या दोघांत यावं लागतं. मग राष्ट्रीय उपांत्य फेरी, पुन्हा चारांतले दोन. मग अंतिम फेरी, चार संघ, एक विजेता. प्रत्येक वेळी पाटी कोरी. मागचे गुण पुढे नेता येत नाहीत, ‘सर्वोत्तम तीनपैकी’ अशी मालिका नसते. एक गृहीत धरून हिशेब मांडू: एखादा संघ इतका भक्कम आहे की विभागीय स्पर्धेतल्या दोन्ही फेऱ्या पार करण्याची शक्यता प्रत्येकी 95 टक्के, उपांत्य फेरीची 85 टक्के आणि अंतिम फेरीत तो एकटा बाकी तिघांइतका जड, म्हणजे 50 टक्के. हे चारही आकडे उदार आहेत. गुणाकार केला तर विजेतेपदाची शक्यता जेमतेम 38 टक्के निघते. म्हणजे ‘सर्वात मोठा दावेदार’ हे शब्द बरोबर, ‘ठरलेलं’ हा शब्द चूक.

‘ऑलिंपिकच्या मुली आल्या की प्रश्न मिटला.’

टोकियोत सर्वसाधारण (चारही साधनांच्या एकत्रित गुणांचं) सुवर्णपदक जिंकलेली सुनी ली 2022 मध्ये ऑबर्नकडून उतरली. तिने बीमचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, सर्वसाधारणमध्ये ती फ्लोरिडाच्या ट्रिनिटी थॉमसच्या मागोमाग दुसरी आली. ऑबर्न चौथं. त्याच वर्षी टोकियोची रौप्यपदक विजेती जॉर्डन चाइल्स यूसीएलएमध्ये होती. तो संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचलाच नाही. 2025 मध्ये त्याच चाइल्सच्या संघाने अंतिम फेरी गाठली आणि दुसरा क्रमांक मिळवला, 197.6125 विरुद्ध ओक्लाहोमाचे 198.0125.

कारण गुणांच्या रचनेत आहे. व्हॉल्ट, अनइव्हन बार्स, बीम आणि फ्लोअर या चार साधनांवर प्रत्येकी सहा मुली उतरतात, त्यातले सर्वोत्तम पाच गुण धरले जातात. म्हणजे संघाची बेरीज वीस गुणांची. एक मुलगी, कितीही मोठी असली तरी, त्यातले जास्तीत जास्त चार देऊ शकते. तिने चारही साधनांवर 9.95 केले आणि तिच्या जागी उतरली असती ती 9.85 ची असती, तर फरक 0.4 चा. हा फरक लहान नाही. 2025 ची अंतिम फेरी नेमकी 0.4 ने सुटली. पण तो किती सहज पुसला जातो ते पुढच्या मुद्द्यात येईल.

दुसरी गोष्ट, ऑलिंपिकची गुणपद्धत वेगळी. रिओत दीपा कर्माकरचे 15.066 आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. ती दोन व्हॉल्टची सरासरी होती आणि त्यातल्या प्रोदुनोव्हा या अवघड व्हॉल्टला काठिण्याचे 7.0 वेगळे मिळाले होते. कॉलेजमध्ये वरची मर्यादा 10 ची. संचाची, म्हणजे एका साधनावर सादर केलेल्या सगळ्या कसरतींची, किंमत एकदा 10 पर्यंत नेली की त्यापुढच्या जास्तीच्या अवघडपणाला एक कणही मिळत नाही, उलट चुकायची जागा वाढते. म्हणून ऑलिंपिकहून आलेल्या मुलीला काही कसरती काढून टाकाव्या लागतात आणि आयुष्यभर ज्याकडे थोडं दुर्लक्ष चाललं, ते लँडिंगचं पाऊल रोखायला शिकावं लागतं. छोटी उडी किंवा पाऊल 0.05 ते 0.1 खातं, मोठं पाऊल 0.2, फ्लोअरवर रेषेबाहेर गेलं की 0.1, पडलं की सरळ 0.5. शिवाय जानेवारी ते एप्रिल जवळजवळ दर आठवड्याला स्पर्धा. वर्षातून मोजक्या वेळा शिखर गाठायची सवय असलेल्या शरीराला हे वेळापत्रक जड जातं.

‘पहिल्या आठवड्यापासून 198.’

198 म्हणजे वीस गुणांची सरासरी 9.9. मोजलेल्या वीसही संचांना 9.85 मिळाले, जे कोणाही जिम्नॅस्टसाठी उत्तम काम आहे, तरी बेरीज 197.000 वर थांबते. जानेवारीत प्रशिक्षक मुद्दाम काही गोष्टी मागे ठेवतात. दीड गिरकीचा युर्चेंको (पाठीमागच्या दिशेने टेबलावर जाऊन मारायचा) व्हॉल्ट 10 पासून मोजला जातो, एका गिरकीचा 10 पासून सुरूच होत नाही. पण दीडमध्ये मुलगी समोर तोंड करून उतरते, जमीन उशिरा दिसते आणि गुडघ्या-घोट्यावर जास्त ताण येतो. त्यामुळे घोटा जपायचा असेल तर सुरुवातीचे काही आठवडे एकच गिरकी. फ्लोअरवरची शेवटची टम्बलिंग (सलग कोलांट्यांची) फेरी हलकी करतात, चार साधनांच्या मुलीला दोनवर ठेवतात, नवख्या मुलींना प्रत्यक्ष गर्दीत उतरवून बघतात. या सगळ्यातून 196.5 आले तर ती पडझड नव्हे.

क्रमवारीची पद्धतसुद्धा ही मोकळीक देते. पहिले काही आठवडे साधी सरासरी चालते. नंतर वेगळा हिशेब लागतो: मोसमातले सर्वोत्तम सहा गुण घ्यायचे, त्यातले किमान तीन बाहेरच्या मैदानावरचे हवेत, सर्वात मोठा काढून टाकायचा आणि उरलेल्या पाचांची सरासरी. समजा एखाद्या संघाचे सहा सर्वोत्तम गुण 198.4, 198.1, 198.0, 197.9, 197.8 आणि 197.6 आहेत. 198.4 गळतात, उरलेल्यांची सरासरी 197.88. जानेवारीतले 196.5 या हिशेबात कुठेच नाहीत. आणि ज्या 198.4 चा सगळीकडे गाजावाजा झाला, तेही नाहीत. पहिल्या आठवड्यातल्या आकड्यावरून ‘मोसम संपला’ म्हणणारे आणि ‘करंडक आला’ म्हणणारे, दोघेही एकाच वेळी चुकतात.

‘घरच्या मैदानावर ते अजिंक्य आहेत.’

असतील. पण विजेतेपद घरी मिळत नाही. साध्या लढतीत प्रत्येक साधनावर दोन परीक्षक असतात आणि त्यांची सरासरी धरतात. राष्ट्रीय स्पर्धेत परीक्षक जास्त असतात, टोकाचे गुण वगळले जातात आणि उरलेल्यांची सरासरी निघते, एप्रिलच्या आकड्यांत .0125 किंवा .8875 अशी चार अंकी शेपटं दिसतात ती त्यामुळे. एका परीक्षकाचा सैल हात तिथे कामाला येत नाही. संघाची खरी ताकद बघायची असेल तर बाहेरच्या मैदानावरचे गुण वेगळे काढून बघावेत. घरी 198.2 आणि बाहेर 197.2 असा एक गुणाचा खड्डा असेल तर एप्रिलची चिंता करायला हवी.

‘एवढ्या मोठ्या संघाला एखादी मुलगी पडली तरी काय फरक पडतो?’

हा दावा अर्धा खरा आहे, आणि त्यामुळेच सर्वात घातक. बीमवरची एक कल्पित फळी, म्हणजे उतरणाऱ्या सहा जणी, घेऊ: 9.85, 9.875, 9.9, 9.9, 9.925, 9.95. सगळ्या टिकल्या तर 9.85 गळतात आणि पाचांची बेरीज 49.55. आता 9.925 वाली पडली. तिचे गुण गळतात, 9.85 परत हिशेबात येतात, बेरीज 49.475. नुकसान फक्त 0.075. इथवर दावा बरोबर. पण एक 9.9 वालीही पडली, तर आता एक पडलेला संच मोजावाच लागतो. नुसती अर्ध्या गुणाची वजावट धरली तरी बेरीज 49.000 वर येते. पहिल्या पडण्याची किंमत 0.075, दुसऱ्या पडण्याची 0.475. दोन्ही मिळून 0.55.

हे आकडे अंतिम फेऱ्यांतल्या फरकांशेजारी ठेवा. 2018 मध्ये यूसीएलएने ओक्लाहोमाला 198.0750 विरुद्ध 198.0375 असं हरवलं, फरक 0.0375, पेंग पेंग लीने बीमवर शेवटची उतरून 10 घेतले तेव्हा ते जमलं. 2021 मध्ये मिशिगन आणि ओक्लाहोमात 0.0875. 2022 मध्ये ओक्लाहोमा आणि फ्लोरिडात 0.1125, 2023 मध्ये त्याच दोघांत 0.15, 2024 मध्ये 0.375. एका साधनावरची दुसरी पडझड यातला कोणताही फरक गिळून टाकते. ऑलिंपिकपटूने चार साधनांवर मिळून कमावलेले 0.4 सुद्धा.

म्हणून फळीत पहिल्या उतरणाऱ्या मुलीचं काम फार मोलाचं. तिला 9.95 मिळत नाहीत, मथळे मिळत नाहीत, पण ती 9.85 करून टिकली की मागच्या पाच जणींना एक चूक परवडते. ती पडली तर पुढच्या पाचही जणी दहा सेंटीमीटर रुंदीच्या बीमवर ‘आता चूक नकोच’ या ओझ्याखाली चढतात आणि दुसरी पडझड अशीच होते. मोसमाआधीच्या याद्यांमध्ये या मुलीचं नाव कधी नसतं. असायला हवं.

‘नावं बघा, संघ तर गेल्या वर्षीचाच आहे.’

नावं मोजू नका, संच मोजा. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये जे 24 संच उतरले, त्यातले किती परत येत आहेत? सर्वसाधारण खेळणारी एक मुलगी पदवी घेऊन गेली की चार जागा एकदम रिकाम्या होतात. 2025 नंतर एलएसयूतून 2024 ची राष्ट्रीय सर्वसाधारण विजेती हेली ब्रायंट गेली. ओक्लाहोमातून 2025 ची सर्वसाधारण विजेती जॉर्डन बोवर्स गेली आणि 2024 मध्ये बार्स आणि बीम दोन्ही जिंकलेली ऑड्री डेव्हिसही. या जागा नवीन मुलींनी भरतात, पण उच्च माध्यमिक वयातल्या मुलीचा क्लबमधला संच आणि कॉलेजच्या गर्दीत आठवड्यामागून आठवडा तोच संच, यात फार अंतर असतं. प्रत्येक साधनावर सहा उतरवायच्या तर आठ-नऊ तयार लागतात, कारण टाचेचा स्नायुबंध (अकिलीज टेंडन) तुटण्यासारखी दुखापत झाली की साधारण नऊ महिने ते वर्षभर ती मुलगी नाही, म्हणजे तो मोसम गेलाच. राखीव फळी कशी आहे हे कळायचं असेल तर सहा जणी झाल्यावर उतरणारा प्रदर्शनी संच बघा. त्याचे गुण मोजत नाहीत, म्हणून बहुतेक जण तेव्हा नजर फिरवतात. मार्चमध्ये कोणाची जागा कोण घेणार हे तिथेच दिसतं.

शेवटी, याच्या उलट टोकाचाही एक दावा फिरतो: ‘सगळा नशिबाचा खेळ, क्रमवारीला अर्थच नाही.’ तोही टिकत नाही. 2014 ते 2025 या काळात 2020 ची स्पर्धा रद्द झाली, बाकी अकरा झाल्या. त्यातल्या सात ओक्लाहोमाने जिंकल्या, 2014 ची फ्लोरिडासोबत विभागून. नशिबाने अकरात सात येत नाहीत. उरलेल्या चार मात्र फ्लोरिडा, यूसीएलए, मिशिगन आणि एलएसयू अशा चार वेगवेगळ्या संघांनी नेल्या. तेव्हा अव्वल संघाकडून जानेवारीत अपेक्षा ठेवायचीच असेल तर ती इतकी ठेवावी: फेब्रुवारीच्या अखेरीस बाहेरच्या मैदानावर 197.5 च्या वर सातत्य, कोणत्याही साधनावर दुसरी पडझड नाही, आणि एप्रिलमध्ये शेवटच्या चारांत जागा.