‘पंपाची सवय लागते’ म्हणे!

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) पाहायला नेलं, गुलाल उधळला आणि रात्री चार वर्षांच्या पुतण्याला धाप लागली. तीन दिवस इस्पितळात; दमा निघाला, पंप (इनहेलर) दिला. घरी आणला त्याच संध्याकाळी रामबागेतल्या मावशींनी तो फिरता मेसेज धाडला: ‘पंपाची सवय लागते, स्टेरॉइडने वाढ खुंटते, दम थांबला की बंद करा, वाफ द्या.’

सवयीचं आधी. पंप दोन असतात. आमच्याकडचा निळा सॅल्ब्युटामॉलचा, काही मिनिटांत श्वासनळ्या सैल करतो. दुसरा स्टेरॉइडचा, आतली सूज उतरवतो, रोज घ्यायचा, त्याला आठवडे लागतात. निळा सारखा लागायला लागला तर ती सवय नव्हे. सूज आटोक्यात नाही, डॉक्टरांकडे जा.

वाढीचं अगदीच खोटं नाही. अमेरिकेत बुडेसोनाइड या पंपातल्या स्टेरॉइडवर वर्षानुवर्षं ठेवलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली (२०१२). पण पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. जोराचा अटॅक आला की १५ किलोच्या मुलाला तोंडाने दिवसाला १५ ते ३० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच, द्यावं लागतं. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. करा हिशोब!

दम थांबला तरी सूज राहते, म्हणून बंद कधी करायचं ते डॉक्टर ठरवतील. वाफेने दमा जात नाही, मुलं भाजतात मात्र.

मावशींना तरी काय बोलू? आम्हाला घरी सोडताना चिठ्ठी मिळाली, शिकवलं कुणीच नाही. वहिनी पंप थेट त्याच्या उघड्या तोंडात मारायची, औषध जिभेवरच. स्पेसर (पंप आणि तोंडाच्या मधली प्लॅस्टिकची नळी) आणला, तर तो रोज कोरड्या फडक्याने लखलखीत पुसायची. पुसलं की प्लॅस्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध आतच चिकटतं. भांड्यांच्या साबणाच्या पाण्यातून काढून तसाच वाळवायचा, हे पुढच्या खेपेला एका सिस्टरने सांगितलं. शिवाय वहिनीकडूनच करवून घेतलं: पंप हलव, मास्क नाकातोंडावर घट्ट धर, एकच पफ, पाच-सहा श्वास, मग पुन्हा हलवून दुसरा. सूजेच्या पंपानंतर चूळ आणि तोंड पुसणं.

फ्रिजवर आता कागद आहे: फासळ्यांखाली खड्डा पडला, वाक्य पुरं होईना, ओठ निळसर झाले तर इस्पितळ, वाटेत निळा पंप चालूच.

रविवारी मावशींना बोलावून स्पेसर हातात दिला. त्यांनी मास्क उलटा धरला. पुतण्यानेच सरळ करून दिला.